‘दोर’ आणि ‘आखाजी’ : अननुवादनीयतेच्या मिथकाविरुद्ध

१

बोलीतील साहित्याविषयी मराठीत जे समीक्षालेखन होते, त्यात एक विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याला पुराव्याची गरज कोणाला वाटत नाही. अमुक शब्द ‘अननुवादनीय’ आहे. त्यात त्या प्रदेशाचा आत्मा साठलेला आहे. बाहेरच्याला तो कळणार नाही. चर्चासत्रांतील निबंधांतून, पीएच.डी.च्या प्रबंधांतील ‘भाषाशैली’ या ठरावीक प्रकरणातून आणि प्रादेशिक कथासंग्रहांच्या प्रस्तावनांतून हे विधान वेगवेगळ्या शब्दांत भेटते. गंमत अशी, की ज्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत शब्दाची अननुवादनीयता गौरविलेली असते, त्याच पुस्तकाच्या अखेरीस त्या शब्दाचा एका शब्दात अनुवाद करून टाकणारी सूचीही जोडलेली असते. ‘आखाजी : अक्षय्य तृतीया.’ प्रस्तावनेत आत्मा आणि परिशिष्टात प्रतिशब्द, अशी ही वाटणी आहे.

वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्या एकाच आळसाची दोन रूपे आहेत. शब्द प्रत्यक्षात कोण वापरतो, कोणाशी बोलताना वापरतो, कोणत्या क्रियापदाबरोबर वापरतो आणि त्या वापरातून कोणाचे काय साधते वा बिघडते, हा प्रश्न दोहोंनाही टाळावयाचा असतो. ‘आत्मा’ म्हटले की विश्लेषण थांबते. प्रतिशब्द दिला की ते सुरूच होत नाही. या टाळाटाळीचा समाचार घेण्यासाठी येथे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत. पहिला अननुवादनीयतेच्या युरोपीय चर्चेतील एक नामांकित शब्द, रुमानियन भाषेतील ‘दोर’. दुसरा धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात रोजच्या बोलण्यातला, ‘आखाजी’.

२

‘दोर’ म्हणजे प्रिय व्यक्ती वा स्थळ पुन्हा भेटावे, दिसावे अशी तीव्र ओढ. रुमानियन शब्दकोश या मुख्य अर्थाबरोबर आणखीही अर्थ नोंदवितात : विरहाचे किंवा प्रेमाचे दुःख, मनाची कशाकडे तरी असलेली आस, एखादा पदार्थ खाण्यापिण्याची इच्छा, आणि लोकभाषेत चक्क शारीरिक वेदना. शिवाय या शब्दापासून बनलेला एक वाक्प्रचार ‘उगाच, निरुद्देश, काही ध्येय नसताना’ अशा अर्थाने वापरला जातो. मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. मराठीतील ‘दोर’ म्हणजे रस्सी. या दोन शब्दांचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा आहे आणि त्यावर कोणतीही व्युत्पत्ती उभारता येणार नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान या शब्दाला तत्त्वज्ञानात मानाचे आसन मिळाले. कवी आणि तत्त्वचिंतक लुचियान ब्लागा यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुमानियन लोकसंस्कृतीच्या ‘अवकाशा’वरील ग्रंथात ‘दोर’ची मीमांसा केली. लोकगीतांतून ‘दोर’ ही केवळ भावना राहत नाही, ती स्वतंत्र शक्तीसारखी वावरू लागते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. पुढे कॉन्स्टंटिन नोइका यांनी १९७० च्या दशकातील लेखनात या शब्दाला रुमानियन चिंतनाच्या जणू आदर्श शब्दाचे स्थान दिले : वेदना आणि इच्छा ज्यात अशा एकजीव झाल्या आहेत की त्यांचे अवयव सुटे करता येत नाहीत. २००४ मध्ये पॅरिसमध्ये बार्बारा कासँ यांच्या संपादनाखाली युरोपीय तत्त्वज्ञानातील ‘अननुवादनीय’ शब्दांचा जो बृहत्कोश निघाला, त्यातही ‘दोर’ची नोंद आहे.

या गौरवाला ऐतिहासिक निमित्त होते. १९१८ नंतर ट्रान्सिल्व्हानिया, बुकोविना, बेसाराबिया असे निरनिराळ्या साम्राज्यांत वाढलेले प्रांत रुमानियाला जोडले गेले. या नव्या, विस्तारलेल्या राष्ट्राला एक समान अंतःकरण हवे होते. कायदे वेगळे, धर्मपंथ वेगळे, शेजारी वेगळे. समान काय, तर भाषा. मग भाषेतील एका शब्दावर राष्ट्राच्या अंतःकरणाचे ओझे टाकणे ओघानेच आले. ब्लागांची प्रतिभा वादातीत आहे, परंतु ज्या मागणीला ती उत्तर देत होती ती मागणी काव्यशास्त्रीय नव्हती, हे समीक्षेने विसरता कामा नये.

आता शब्दाकडे पाहावे. ‘दोर’ हा उत्तरकालीन लॅटिनमधील दुःखवाचक शब्दापासून आला. त्याच मुळापासून फ्रेंचमध्ये शोक वा सुतक या अर्थाचा शब्द झाला आणि इटालियन-स्पॅनिशमध्येही त्याची भावंडे आहेत. उलट, प्रेमासाठी रुमानियनमध्ये जे दोन सर्वसामान्य शब्द आहेत ते स्लाव्ह वंशाचे आहेत. म्हणजे राष्ट्रीय आत्म्याचा वाहक मानला गेलेला शब्द लॅटिन कुटुंबातील एक चुलतभाऊ ठरतो. त्याला ‘अद्वितीय’ म्हणणाऱ्यांनाही लगेच त्याचे सोयरे सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिस्बनमध्ये राजनैतिक सेवेत असलेल्या मिर्चा एलियादे यांनी ‘दोर’ची सांगड पोर्तुगीज ‘सौदाद’शी घातली. जो शब्द अद्वितीय आहे, त्याला जुळे भावंड कसे सापडते, हा साधा प्रश्न आहे.

३

परंतु ‘दोर’च्या संदर्भात मराठी अभ्यासकाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्दकोशात सापडत नाही, व्याकरणात सापडते. ‘मला तुझी आठवण येते’ हे रुमानियनमध्ये सांगावयाचे तर ‘मि-ए दोर दे तिने’ असे म्हणतात. शब्दशः : ‘मला तुझी ओढ आहे.’ अनुभव घेणारी व्यक्ती येथे कर्ता नाही, ती चतुर्थीत आहे. भावना तिच्याकडे येते. ती भावना ‘करीत’ नाही. ही रचना मराठीला परकी नाही. मराठीत ‘मला आठवण येते’, अहिराणीत ‘माले याद येस’. ‘मला’ आणि ‘माले’ यांच्या पलीकडे समजावून सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

त्याहून लक्षणीय म्हणजे रुमानियनमध्ये ‘दोर’ ज्या चौकटीत बसतो, त्याच चौकटीत भूक, तहान, थंडी आणि भीती बसतात. ‘मि-ए फोआमे’ म्हणजे मला भूक आहे. ‘मि-ए सेते’ म्हणजे मला तहान आहे. रुमानियन माणसाच्या दैनंदिन व्याकरणात ओढ ही भूक-तहानेच्या पंगतीला बसलेली आहे. तत्त्वज्ञांनी तिला तेथून उठवून गाभाऱ्यात नेले. मराठीत ही पंगत निरनिराळ्या क्रियापदांनी वाढली जाते : भूक लागते, भीती वाटते, थंडी वाजते, आठवण येते, ओढ लागते, हुरहूर वाटते. रुमानियन जे काम एका नामाने आणि एका ‘असणे’ने करते, ते मराठी अनेक नामे आणि अनेक क्रियापदे यांत वाटून देते. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर दोन्ही व्यवस्थांत शब्दांचे ‘मूल्य’ भिन्न आहे. आशय अगम्य मात्र नाही. मूल्यातील भेद हा अभ्यासाचा विषय असतो. त्याला गूढाचा दर्जा देणे म्हणजे अभ्यासापासून पळ काढणे होय.

मग ‘दोर’ मराठी वाचकापर्यंत अननुवादनीय म्हणून का पोहोचतो? कारण तो इंग्रजीतून पोहोचतो. इंग्रजीत अनुभव घेणारा कर्ता होतो आणि ज्याची उणीव भासते तो कर्म. चतुर्थीची ती रचना तेथे मोडते आणि मग अनुवादक हात टेकतो. इंग्रजीची ही अडचण इंग्रजीची आहे. ती आपलीच अडचण समजून मराठी समीक्षेने डोक्यावर घ्यावी, आणि वर तिला ‘भाषिक वेगळेपणाचा सिद्धांत’ म्हणावे, यासारखी परभृतता नाही. देशीयतेचा उद्घोष करणाऱ्या लेखनातही ही इंग्रजीमार्गे आलेली अगतिकता दिसावी, हा विरोधाभास नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

४

आता ‘आखाजी’. शिरपूर तालुका तापी आणि सातपुडा यांच्या दरम्यान पसरला आहे. दक्षिणेला तापीकाठची काळी, कापसाची जमीन. उत्तरेला डोंगर आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. खालच्या गावांत अहिराणी आणि गुजर बोली, वरच्या गावांत पावरी आणि भिल्ली, आणि तालुक्याच्या मधून मुंबई-आग्रा महामार्ग. येथे ‘आखाजी’ हा शब्द वैशाख शुद्ध तृतीयेसाठी वापरला जातो, हे खरे. परंतु ‘अक्षय्य तृतीया’ हा प्रतिशब्द दिल्याने तिथी कळते, शब्द कळत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सोने खरेदीचा दिवस, हा ‘अक्षय्य तृतीये’चा नागर अर्थ आखाजीला फार उशिरा आणि फार थोडा चिकटला आहे.

आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आगारी टाकली जाते, सांजोरी होते. बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) ‘आखजी’ या नावाची स्वतंत्र कविता रचली आहे. या ठिकाणी एक दुरुस्ती अगत्याची आहे. वर्तमानपत्री लेखनात बहिणाबाईंची भाषा सर्रास ‘अहिराणी’ म्हटली जाते. ती लेवा गणबोली आहे. ‘आखाजी’ आणि ‘आखजी’ या दोन रूपांतील एका स्वराचा फरकही जे टिपत नाहीत, त्यांनी त्या शब्दातील आत्म्याविषयी बोलावे, हे धाडसाचे आहे.

हा झाला शब्दाचा गौरविला जाणारा अर्धा भाग. उरलेला अर्धा समीक्षेत जवळजवळ येतच नाही. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला भरते आणि आखाजीपासूनच नवे साल धरले जाते. वर्षभरासाठी शेतकऱ्याकडे राहणाऱ्या मजुराचा करार, म्हणजे रोख किती, धान्य किती, कपडालत्ता काय, उचल किती आणि मागची बाकी किती, हे सारे या तिथीला ठरते. ‘आखाजीला येणे’ हा मुलीचा शब्दप्रयोग आहे. ‘आखाजीपासून राहणे’ हा सालदाराचा. मागची उचल फिटली नसेल, तर आखाजी येते आणि जाते, सालदार तेथेच राहतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्याआधीच, १९७२ मध्ये, शिरपूरला लागून असलेल्या आणि १९९८ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या लढ्यात सालदारांच्या मोबदल्याचा प्रश्न होता. ज्यांच्यासाठी ही तिथी पंचांगाइतकीच हिशेबवहीतली होती, त्यांच्या बाजूने हा शब्द वाचण्याची सामग्री अशी अर्ध्या शतकापासून हाताशी आहे.

हे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. वैशाखात रब्बीची मळणी आटोपलेली असते, शेत रिकामे असते आणि पाऊस महिना-दीड महिना दूर असतो. या मोकळ्या काळात शेताला माणसांची गरज सर्वांत कमी असते, म्हणून सून चार दिवस माहेरी जाऊ शकते. आणि याच काळात पुढच्या हंगामासाठी माणूस बांधून घ्यावा लागतो, म्हणून सालदाराचा करार होतो. मुलीची सुटका आणि मजुराची बांधणी ही एकाच कृषिव्यवस्थेच्या एकाच विरामातून निघालेली दोन फळे आहेत. शब्द एक आहे, कारण तो विराम एक आहे.

डोंगराकडून खाली सालाने राहावयास येणाऱ्या पावरा वा भिल्ल कुटुंबाच्या दृष्टीने तर या शब्दाचे मूल्य आणखीच बदलते. त्यांच्या वर्षाचा उत्सवी केंद्रबिंदू होळी आणि तिच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार हा आहे. झोका, गौराई, माहेरपण हे अर्थ त्यांच्याकडे पातळ होत जातात, आणि उरतो तो मुख्यतः कराराचा दिवस. ‘खानदेशी माणसाच्या काळजात आखाजी असते’ असे वाक्य लिहिणाऱ्याने, खानदेशी माणूस म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर न विचारताच देऊन टाकलेले असते.

अद्वितीयतेचा दावाही येथे ‘दोर’प्रमाणेच ढासळतो. राजस्थानात ‘आखातीज’ आहे, गुजरातीत ‘अखात्रीज’. ‘आखाजी’ ही त्यांची सख्खी बहीण आहे. खानदेश हा माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्यामधला रस्ता आहे आणि त्याचा शब्दसंग्रहही रस्त्यासारखा आहे. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबाला आपला शब्द शेजाऱ्याला समजावून सांगण्यासाठी आत्म्याचा आधार घ्यावा लागत नाही. शेजाऱ्याचा शब्द पुरतो.

५

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. बोलीच्या अननुवादनीयतेचा आग्रह हा दुर्बलांचा बचाव आहे, असे म्हणता येईल. प्रमाण मराठीने अहिराणीला ‘अशुद्ध’ म्हटले, शाळेत तिला हसले. भाषावैज्ञानिक वर्गीकरणातही तिची जागा अस्थिर राहिली. ग्रीअर्सन यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ल भाषांबरोबर ठेवले. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र, अनुसूचीबाह्य भाषा म्हणून मोजली गेली आणि ती मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार भरली. २००१ मध्ये ती २० लाखांहून अधिक होती. मराठी अभ्यासक्रमात मात्र ती ‘बोली’ या एका प्रकरणात मावते. अशा भाषेने ‘आमचा शब्द तुम्हांला कळणारच नाही’ असे म्हटले, तर त्यात स्वाभिमान आहे, दंभ नाही. साहित्यातील देशीयतेचा विचार भालचंद्र नेमाडे यांनी मांडला तोही याच खानदेशच्या मातीत वाढलेल्या लेखकाने. त्या विचाराने बोलीकडे पाहण्याची लाज घालविली, हे त्याचे ऋण कोणीही नाकारू नये.

आक्षेपातील दुःख खरे आहे. त्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे. जी भाषा समजावून सांगता येत नाही असे तिचे कैवारीच म्हणतात, तिला शब्दकोशात, पाठ्यपुस्तकात आणि न्यायालयात जागा देण्याची कोणाला निकड वाटणार? गूढ म्हणून गौरविलेली भाषा सोयीस्करपणे बाजूला ठेवता येते; तिला नमस्कार केला की काम भागते. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकाने अहिराणी-मराठी शब्दकोश सिद्ध केला, तो अहिराणी शब्द सांगता येतात या विश्वासावरच. कोशकाराचा हा विश्वास बोलीची जेवढी प्रतिष्ठा वाढवितो, तेवढी शंभर प्रस्तावनांतील आत्मकथने वाढवीत नाहीत. शिवाय देशीयतेचा विचार ज्या भौतिक जीवनाकडे, शेतीकडे, नात्यांकडे आणि बलुत्यांकडे बोट दाखवीत होता, त्याचेच बोट सोडून त्याच्या अनुयायांनी शब्दाची मूर्ती बसवावी, हा त्या विचाराचा विकास नसून त्याची सुटी केलेली नाणी आहेत.

कासँ यांनी त्यांच्या कोशाच्या निमित्ताने ‘अननुवादनीय’ची जी व्याख्या केली, तीही येथे स्मरणात ठेवावी. त्यांच्या मते अननुवादनीय म्हणजे ज्याचा अनुवाद होत नाही ते नव्हे; ज्याचा अनुवाद करणे आणि न जमणे कधी थांबत नाही ते. मराठी चर्चेत ही संज्ञा आली, पण तिच्यातील अखंड प्रयत्नाचा भाग सीमेवरच राहिला. आपल्याकडे तिचा अर्थ ‘आता प्रयत्न सोडून द्यावा’ असा झाला आहे.

६

तेव्हा करावयाचे काय? उत्तर साधे आणि कष्टाचे आहे. बोलीतील साहित्यकृतीच्या अभ्यासात शब्दसूचीच्या जागी शब्दनोंद हवी. शब्दाची रूपे गावागणिक आणि समाजागणिक कशी बदलतात. तो कोणत्या विभक्तीत आणि कोणत्या क्रियापदांबरोबर येतो. स्त्रिया तो कसा वापरतात, मजूर कसा आणि मालक कसा. कोणत्या हंगामाशी, कोणत्या देण्याघेण्याशी तो बांधलेला आहे. शेजारच्या भाषांत त्याचे आप्त कोणते. इतके नोंदविले की मगच साहित्यकृतीत त्या शब्दाचे काय झाले, लेखकाने त्याची कोणती बाजू घेतली आणि कोणती गाळली, हे विचारता येते. एखाद्या खानदेशी कादंबरीत आखाजी फक्त झोक्यापुरती येत असेल, तर ती निवड आहे. तिचा जाब विचारता येतो. शब्दाला आत्मा मानणाऱ्या समीक्षेला हा जाब विचारताच येत नाही, कारण आत्म्याला बाजू नसतात.

‘दोर’विषयीही हेच खरे आहे. हा शब्द ‘दोइना’ या गानप्रकारात, सैन्यात नेलेल्या तरुणांच्या आणि दूर दिलेल्या मुलींच्या तोंडी आला आहे. २००७ मध्ये रुमानिया युरोपीय संघात गेल्यानंतर इटली-स्पेनमध्ये कामाला गेलेल्या आईबापांच्या आणि आजीकडे राहिलेल्या मुलांच्या बोलण्यातही तो आहे. सक्तीची भरती, लग्न, स्थलांतर : ओढीला प्रत्येक वेळी कारण होते, आणि ते कारण डोंगरांच्या लयीत नव्हते. एका शब्दाला साऱ्या राष्ट्राचे अंतःकरण म्हटले की प्रथम ही कारणे दिसेनाशी होतात.

शिरपूरच्या शेतावर आखाजीला एकीकडे झोका चढतो आणि दुसरीकडे उचलीचा आकडा वहीत चढतो. या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात राहतात आणि दोन्ही मराठीत सांगता येतात. त्या सांगितल्या जात नाहीत, याचा दोष शब्दाच्या अंगी नाही.